वगळायचं नाव

नानांनी तिचं नाव घेतलं तेव्हा शरदिनीच्या एका हातात कोरडा पंचा होता, दुसऱ्या हातात नानांच्या चपला होत्या, आणि तिला आधी वाटलं ते हाकच मारताहेत. ‘काय नाना?’ असं ती म्हणणारच होती. पण हाक अशी नसते. हाकेच्या मागेपुढे गोत्र नसतं. ‘अस्मद्दुहितरं शरदिनीदां भारद्वाजगोत्रां वसुरूपां,’ तिचे वडील नाना म्हणाले, अगदी स्वच्छ, एकेक अक्षर धुतल्यासारखं, ‘स्वधा नमस्तर्पयामि,’ आणि त्यांच्या अंगठ्याच्या बुडातून तीळ मिसळलेलं पाणी गंगेत सुटलं. एक ओंजळ. मग ते पुढच्या नावाकडे गेले, आपल्या धाकट्या काकांकडे, जे सोळा वर्षांपूर्वी वारले होते, आणि त्यांनाही तितकंच पाणी मिळालं, तितक्याच मायेनं. कुणाचं लक्ष नव्हतं. पितृपक्ष चालू, त्यात पूर आलेला, दशाश्वमेधाच्या खालच्या पायऱ्या, आरतीचे चौथरे, पंड्यांच्या छत्र्यांच्या जागा, सगळं पाण्याखाली होतं, आणि उरलेल्या दहाबारा पायऱ्यांवर अख्ख्या देशाचे मेलेले एकाच वेळी पाणी प्यायला आलेले. जो तो आपल्या माणसांची नावं ओरडत होता. त्या गर्दीत एक नाव जिवंत बाईचं होतं आणि ती बाई पंचा घेऊन मागे उभी होती, एवढं फक्त तिलाच माहीत होतं. तिच्या पायाशी आलेलं गढूळ पाणी एक पायरी चढलं आणि मागे गेलं. कुठल्याशा होडीची लाट असणार, तिने स्वतःला सांगितलं, आणि मग आठवलं की पुरामुळे होड्या गेले दहा दिवस बंद आहेत.

आता नानांच्या हातून चूक होणं म्हणजे काय, हे त्या घरात जन्मलेल्यालाच कळेल. ज्यांचे पूर्वज पेशव्यांच्या मागोमाग काशीला आले आणि दूधविनायकाच्या गल्लीत राहिले, त्यांच्यातले शिवरामनाना. पन्नास वर्षं महाराष्ट्रातून आलेल्या यजमानांना त्यांनी ह्याच पायऱ्यांवर तर्पण सांगितलं. यादी ठरलेली. बाप, आजा, पणजा, आई, आजी, पणजी, मग आईकडचे, मग बायको, मुलगा, मुलगी, काका, मामा, भाऊ, आणि पुढे सासरे, गुरू, मित्र. ज्याचं माणूस जिवंत, त्याने ती जागा सोडून पुढे जायचं. नाना यजमानांना ओरडून सांगायचे, ‘पत्नी? आहेत ना घरी? बढिया, सोडा. मुलगा? अहो तो तुमच्या शेजारी उभा राहून मोबाईल बघतोय, त्याला कशाला पाणी पाजता, सोडा.’ सोलापूर-साताऱ्याची माणसं रडतारडता हसायची. लहानपणी शरदिनी वरच्या पायरीवर बसून ते ऐकायची आणि तिला ती ‘सोडा’ची जागा फार आवडायची. जिवंत असणं म्हणजे नानांनी आपल्याला सोडून पुढे जाणं, असं काहीसं तिच्या डोक्यात बसलेलं. आणि आज नाना पुढे गेले नाहीत. हजार वेळा बरोबर चालणारं यंत्र एकदा चुकतं, फक्त कधी ते आपल्याला आधी कळत नाही, असं तीच मागच्या महिन्यात गोव्याच्या बैठकीत म्हणाली होती, गोळ्याच्या झडपेबद्दल. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. चहा आला होता.

गोळा म्हणजे धातूची पोकळ कोठडी, आतून जेमतेम दोन मीटर, त्यात तीन माणसं, बारा तास. कागदोपत्री तिला भारदस्त नाव होतं, पण संस्थेत सगळे गोळाच म्हणत. पाच आठवड्यांनी तो हिंदी महासागरात पाच हजार मीटर खाली जाणार होता आणि त्यातली एक जागा डॉ. शरदिनी यांची होती. बावन्न वर्षं वय, सत्तावीस वर्षांची नोकरी, तीसेक सफरी, आणि एवढ्या सगळ्यात तिने तो तळ स्वतःच्या डोळ्यांनी एकदाही पाहिलेला नव्हता. दोरीला बांधून खाली सोडलेल्या पेट्यांमधून जे वर येई ते पाहिलं. बटाट्याएवढे काळे खडे, ज्यांच्यात निकेल असतं, कोबाल्ट असतं, आणि ज्यांच्यासाठी उद्या यंत्रं तो तळ नांगरणार आहेत. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढणारा खडा. सोळा वर्षांपूर्वी एका खड्यावर तिला नखाएवढा स्पंज सापडला होता, काचेच्या देठावर उभा, वर येताना अर्धा मोडलेला. तेव्हापासून ती एकच गोष्ट मागत आली होती : ह्या अमुक पट्ट्याला हात लावू नका. समिती म्हणे, फोटो धूसर आहेत. कुणीतरी खाली जाऊन पाहावं, मोजावं, नमुने आणावेत, मग बघू. आता ते कुणीतरी ती होती. आणि आज संध्याकाळी पाचपर्यंत तिला प्रकृतीचा शेवटचा अर्ज भरून पाठवायचा होता, ज्यातल्या अकराव्या प्रश्नापुढे, बंद जागेत घबराट, श्वास कोंडणे, हातांना कंप कधी अनुभवला आहे का, ह्याच्यापुढे तिने परवाच ‘नाही’ वर खूण करून ठेवली होती आणि मग दोन दिवस तो अर्ज असलेला फोन पालथा ठेवत होती.

नानांनी पंचा घेतला, चपला घातल्या, तिच्याकडे पाहिलं नाही. ‘चल,’ म्हणाले. खालचा घाटाघाटाने जाणारा रस्ता पाण्यात, म्हणून सगळी वर्दळ एकाच गल्लीत कोंबलेली. समोरून दुधाचे कॅन लावलेली फटफटी, मागून अजमेरहून की कुठून आलेला सोळा जणांचा घोळका, मध्ये बसलेली गाय, जिला उठवायची कुणाची टाप नव्हती. ‘अरे माताजी, दीवार से चिपक जाइए ना!’ फटफटीवाला ओरडला. माताजी म्हणजे आपण, हे कळायला तिला एक क्षण लागला आणि ती एका बंद दुकानाच्या शटरला चिकटली. कॅनची थंड कड तिच्या पोटाला लागली. बस, एवढंच. दुधाचा आंबूस वास, पाठीला पत्रा, पोटाला पत्रा, वर आभाळाची पट्टी होती ती कुणाच्या तरी पिशवीने झाकली. आणि उजव्या हाताचा अंगठा आपणहून मांडीवर ठोके द्यायला लागला. टक, टक, टक, टक. ती त्याच्याकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाच्या अंगठ्याकडे बघावं तशी. श्वास आत जायचा पण तळाशी पोचायचा नाही, मध्येच कुठेतरी वळून परत यायचा. तोंड उघडं होतं. आपण ओरडतोय की काय, असं वाटून तिने ते मिटलं. ‘बाजू भैया, बाजू, श्राद्धाचं पाणी आहे,’ नाना मागून अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत खणखणीत म्हणाले, आणि गल्ली कशी कोण जाणे पण मोकळी झाली. फटफटी गेली. गाय बसलेलीच राहिली.

बंदरातल्या चाचणीत हेच झालं होतं. फक्त तीस मीटर. तीस मीटर म्हणजे काय, घाटाच्या पायऱ्या उतरून गेल्यासारखं. वरचं झाकण बसलं, बाहेरून बोल्ट आवळल्याचा आवाज आला, मोहिमेतला राखीव माणूस सुमंत शेजारी काहीतरी विनोद करत होता, चालक आकडे वाचत होता, आणि तिच्या मनगटावर पाण्याचा थेंब पडला. तो कुठून येतो हे त्या कामातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तिघांचा श्वास थंड भिंतीवर निवून पाणी होतो आणि थेंब पडतात. आणि खात्री करायची तर यंत्र लागत नाही. थेंब बोटावर घ्यायचा आणि चाटायचा. गोडा असेल तर आपलाच श्वास. खारा असेल तर समुद्र. तिने चाटला. खारट लागला. तिने दुसरा घेतला. तोही खारट. भिंतीकडे पाहिलं, तर सगळी भिंत थेंबांनी भरलेली. तिच्या बोटांना इतका घाम सुटला होता की जे चाटेल ते खारंच लागणार होतं, हे साधं गणित तिला वर आल्यावर, डेकवर उभं राहून लिंबूपाणी पिताना सुटलं. पण आत असताना नाही. आत असताना ती चाळीस मिनिटं अंगठा दुसऱ्या मुठीत दाबून बसली होती आणि वरून ध्वनियंत्रावर विचारलं, ‘शरदिनी, कसं आहे?’ तेव्हा म्हणाली होती, ‘सगळं ठीक.’ आवाज चांगला लागला होता. सुमंत नंतर म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही किती शांत असता हो.’

घरी आल्यावर तिला काकडी किसायला बसवलं. आज अविधवा नवमी, आईचा दिवस. आई चार वर्षांपूर्वी नानांच्या आधी गेली, म्हणून तिचा मान ह्या तिथीला. देवदत्त, तिचा मोठा भाऊ, बँकेतून रजा काढून, सोवळं नेसून, पुढच्या खोलीत गुरुजींची वाट बघत अस्वस्थपणे फेऱ्या मारत होता. बापाने जन्मभर हेच केलं आणि मुलाला दर्भ कुठल्या बोटात घालायचा हे दरवर्षी विचारावं लागे. जेवायला सवाष्ण बोलावलेली. स्वयंपाकघरात गीतावहिनीचं राज्य. शरदिनी सवाष्णही नव्हती, विधवाही नव्हती, आणि अशा बाईला नेमकं कुठलं काम सांगावं हे त्या स्वयंपाकघराला तीस वर्षांत उमजलं नव्हतं, म्हणून काकडी.

‘शरूताई, तुमचा हात का थरथरतोय?’ वहिनी वडे थापतच म्हणाली. वहिनीला मागेही डोळे होते.

‘किसणी बोथट आहे.’

‘किसणी परवा घेतली, चौकातून. धारदार आहे एकदम, माझं बोट गेलं काल.’ वहिनीने वडा तेलात सोडला. ‘बघा हं, मी काय म्हणते. तुम्ही साहेब आहात, समंदरच्या आत जाणार आहात, अखबारात फोटो येणार. पण इथे येऊन रोज तुम्ही जेवण अर्धं टाकता. मला वाटलं माझ्या हाताला चव राहिली नाही. यांना विचारलं, तर म्हणाले, नाही, ती लहानपणी परीक्षेच्या आधी पण असंच करायची.’

‘तसं काही नाही, वहिनी.’

‘ठीक आहे. नाही तर नाही. आणि ते नाना, घाटावरनं आले ते सरळ वर गेले. पाणीसुद्धा नाही घेतलं. काय बोललात का तुम्ही त्यांना?’

‘मी काय बोलणार?’

‘म्हणजे दोघंही बिघडून आलात,’ वहिनी म्हणाली आणि झारा आपटला. ‘बढिया. आईंच्या दिवशी.’

जेवणं झाली, पानं उचलली, कावळ्याने घास घेतला की नाही ह्यावर देवदत्त आणि गुरुजींचा वाद झाला, आणि ह्या सगळ्यात नाना खाली आले, पाटावर बसले, आणि वाढलेलं सगळं तसंच ठेवून पोट जड आहे म्हणून परत वर गेले. शरदिनी जिन्याशी उभी होती. ते तिच्या जवळून गेले आणि भिंतीला जरा जास्तच चिकटून गेले, असं तिला वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. रत्नाकर. मोहीमप्रमुख, तिच्याबरोबरच नोकरीला लागला होता, पहिल्या सफरीत दोघंही एकाच बादलीवर ओकली होती.

‘शरदिनी, तुझा अर्ज तेवढा राहिलाय. पाचला डॉक्टर यादी बंद करतायत.’

‘हो. पाठवते. इथे जरा…’ आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, ‘नानांची तब्येत जरा ठीक नाही. म्हणजे, वय झालंय. मी बाहेर असताना काही झालं तर, असं डोक्यात येतं.’

‘अगं मग सोड ना!’ रत्नाकर इतक्या पटकन आणि इतक्या प्रेमानं म्हणाला की तिने जिन्याचा कठडा धरला. ‘घरचं आधी. कुणी एक शब्द बोलणार नाही. सुमंत तयार आहे, त्याचं सगळं झालंय. तू वरून जहाजावरून बघ, सगळं चित्र येईलच वर. खरंच, जीवाला लावून घेऊ नकोस.’

‘पाचपर्यंत कळवते,’ ती म्हणाली.

सुमंत भला माणूस होता. खाणीचा माणूस. त्याला खडे ओळखता येत, त्यांची दाटी मोजता येई, यंत्राच्या हाताने खडा असा अलगद उचलता येई की चिखल उडू नये. पण त्याच्या डोळ्याला खडाच दिसे. देठावर उभं राहिलेलं नखाएवढं काही त्याला दिसणार नाही, कारण ते त्याने कधी शोधलंच नाही. आणि त्याने पाहिलं नाही म्हणजे अहवालात ‘आढळले नाही’ असं येणार, आणि एकदा ‘आढळले नाही’ असं छापून आलं की तो पट्टा गेला. ह्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. सत्तावीस वर्षं तिला कुणी दुष्ट भेटलाच नव्हता, फक्त कामाची माणसं भेटली होती. हे सगळं तिला माहीत होतं आणि तरीही रत्नाकरच्या त्या ‘सोड ना’ने तिच्या पोटात काहीतरी इतकं सैल, इतकं गरम झालं होतं, की तिला तिथेच पायरीवर बसून झोपावंसं वाटलं. ह्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. गोळ्याची नाही. ह्या झोपेची.

वर नाना जमिनीवर बसले होते आणि त्यांच्याभोवती चार पोथ्या उघड्या होत्या. चष्मा कपाळावर. खिडकीतून पुराच्या पाण्याचा ओला मातकट वास येत होता.

‘ऐकलंस तू,’ ते म्हणाले. प्रश्न नव्हता.

‘हो.’

‘मला वाटलं तुझं लक्ष नसेल. तुझं लक्ष नसतं कधी देवाधर्मात.’ त्यांनी एक पान उलटलं, परत उलटलं. ‘चारही पाहिल्या. मेलेल्याला चुकून वगळलं तर काय करायचं, ते आहे. गोत्र चुकलं तर आहे. तीळ संपले तर आहे. जिवंताला चुकून दिलं तर काय, ते कुणी लिहिलेलंच नाही. इतका गाढव आजवर कुणी झाला नसेल.’

‘नाना, चूक झाली. होते. त्याला काय अर्थ आहे?’ तिने हे अगदी शास्त्रज्ञाच्या आवाजात म्हटलं आणि तिच्याच कानाला ते ‘सगळं ठीक’सारखं लागलं.

‘चूक कशी झाली सांगू? आनंदीचं नाव घेतलं. त्यानंतर देवदत्ताची जागा सोडली. मग तुझी आली. आणि आनंदीनंतर माझ्या तोंडात तुझंच नाव यायचं. आयुष्यभर. बाहेरून आलो की, आनंदी, शरू आली का? आनंदी, शरूचं पत्र? आनंदी, शरूचं जहाज कुठे आहे? तीच सवय. जीभ आपली गेली पुढे.’ ते थांबले. ‘हे एक. दुसरं म्हणजे, तू पहिल्यांदा समुद्रावर गेलीस त्या वर्षापासून त्या जागेशी आलो की मला धडकी भरते. इथे म्हणायचं नाही, इथे म्हणायचं नाही, असं करत पळत ओलांडायचो. सत्तावीस वर्षं पळालो. आज नाही पळता आलं.’

तिला आठवलं, पहिल्या सफरीच्या वेळी गल्लीतल्या शास्त्रीमंडळींनी समुद्र ओलांडण्याचा दोष काढला होता, आणि नानांनी दोन दिवस पोथ्या चाळून निवाडा दिला होता, की मुलगी ज्या किनाऱ्याहून निघते त्याच किनाऱ्याला परत येते, म्हणजे ती समुद्र ओलांडत नाही, फक्त त्यात जाऊन येते. आणि जाऊन येण्याला मनाई नाही. किती हसली होती ती तेव्हा. आई हसली नव्हती. आईने लाडवांचा डबा बांधून दिला होता आणि म्हणाली होती, जाऊन येण्यातलं येणं तेवढं लक्षात ठेव.

‘शरू,’ नाना एकदम पुढे वाकले, आवाज खाली आणून, ‘एक करू. तू त्यांना सांग, म्हातारा अडून बसलाय. मी अडून बसतो. अन्न सोडलंय म्हण. खोटं नाही, सकाळपासून खाल्लं नाही मी. नाव माझं होऊ दे. सगळ्यांना वाटेल, काशीचा भटजी, असाच असणार. मला काय त्याचं?’

ते खरंच तसं करायला तयार होते. पंचाऐंशी वर्षांचा, सगळ्या गल्लीत ज्याचा निवाडा मानतात असा माणूस, अडाणी हट्टी बाप म्हणून कागदावर जायला तयार होता. सुटकेचं दार उघडं होतं, आणि ते धरून जणू नाना उभे होते. तिने फक्त बाहेर यायचं. ती बोलायला गेली आणि उजवा अंगठा मांडीवर वाजायला लागला. टक, टक, टक. ह्या वेळी तिने तो झाकला नाही.

‘हे काय?’ नाना म्हणाले.

‘भीती,’ ती म्हणाली. ‘तुमच्यामुळे नाही. तुम्ही नाव घेतलंत त्याच्या आधीपासून.’ आणि मग तिने सांगितलं. बंदर, झाकण, थेंब, बोट. कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं, ओबडधोबड, मागचं पुढे. नाना ऐकत होते, यजमानाची वंशावळ ऐकावी तसे, मध्ये न बोलता.

‘खारट लागलं?’ शेवटी त्यांनी विचारलं.

‘खारट.’

‘घाम असणार.’

‘घामच होता. पण ते मला वर आल्यावर कळलं, नाना. आत असताना मी मेले होते.’

खाली वहिनी कुणाला तरी भांड्यांवरून रागवत होती. ‘पुराच्या दिवसांत,’ नाना मग म्हणाले, ‘डुबकी मारायला लोक यायचे. जो थरथरायचा, त्याची मला काळजी नसे. तो आपणच साखळी धरायचा, पायरी चाचपायचा, मला घट्ट पकडायचा. जो म्हणायचा, गुरुजी, मी पट्टीचा पोहणारा, मला काही होत नाही, त्याच्या धोतराचा सोगा मी हातात धरून ठेवायचो. तू त्यांना काय म्हणून सांगितलंस? पट्टीची पोहणारी?’

‘तसंच.’

‘मग ते तुझा सोगा कसा धरणार?’

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने फोन सुलटा केला. अकराव्या प्रश्नापुढची खूण पुसली आणि ‘हो’ वर केली. खाली चार ओळींची जागा होती, ती पुरली नाही, म्हणून वेगळं पान जोडलं. लिहिलं की तीस मीटरच्या चाचणीत घबराट झाली, चाळीस मिनिटं टिकली, उजव्या अंगठ्याला कंप येतो, श्वास उथळ होतो, थेंब चाखून केलेला निर्णय चुकला. की ‘सगळं ठीक’ हे तिचं उत्तर खोटं होतं. की आज सकाळी भर रस्त्यावरही तसंच झालं. आणि मग, ह्या सगळ्यासकट, मला जायचं आहे. त्या पट्ट्यावर काय शोधायचं ते दुसऱ्या कुणाला अजून ठाऊक नाही. पाच आठवडे आहेत, मला रोज त्या गोळ्यात झाकण लावून बसवा, आणि तरी जमत नाही असं दिसलं तर मला काढा, पण मग माझ्या जागी प्राणी ओळखणारं माणूस न्या, फक्त खडे ओळखणारं नको. वाचून पाहिलं. शास्त्रज्ञाने लिहिल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. पाठवलं. पाठवताना बटण दोनदा चुकलं.

दहा मिनिटांनी रत्नाकरचा निरोप आला. ‘वाचलं. डॉक्टरांकडे पाठवतोय, उद्या कळेल. नक्की काय म्हणतील सांगता येत नाही. हे लिहायची काय गरज होती गं?’ तिने उत्तर लिहायला घेतलं, खोडलं. बरं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. सकाळपर्यंत एकच भीती होती, जाण्याची. आता ते नाही म्हणतील ह्याची होती, आणि हो म्हणतील ह्याचीही.

‘काय म्हणतात?’

‘उद्या सांगतील.’

नानांनी एकेक करून पोथ्या बांधल्या. गाठी मारताना त्यांची बोटंही नीट चालत नव्हती, पण ते वयाने असेल. दारात वहिनी ताट घेऊन आली होती, एकाच ताटात दोघांचं, आणि काही न विचारता उंबऱ्यावरच बसली. नानांनी ताट जवळ ओढलं, वड्याचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

‘खाली जाताना काय दिसतं?’ त्यांनी विचारलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. जहाज कुठे आहे एवढंच विचारत.

‘मी तरी कुठे गेलेय एवढ्या खाली, नाना?’

‘जेवढं ठाऊक आहे तेवढं सांग.’

‘आधी झाकण बसतं,’ ती म्हणाली. इथेच तिचा श्वास अडकला. तिने तो जाऊ दिला, परत घेतला. ‘मग लाटा लागतात खिडकीला, फेस. गोळा डुलतो. मग डुलणं थांबतं, एकदम. पाणी हिरवं असतं. आपल्या गंगेसारखं नाही, आरपार दिसतं. पहिला लाल रंग जातो. तुमची ही लाल शाल काळी दिसायला लागेल, पाचदहा मीटरवरच. मग पिवळा जातो. मग हिरवा. नुसतं निळं उरतं.’

‘मग?’

‘मिनिटाला तीस मीटर. सातव्या मिनिटाला दोनशे मीटर होतात. निळंसुद्धा तिथे संपत आलेलं असतं, संध्याकाळ झाल्यासारखं, आणि वर बघितलं तर…’

‘थांब, थांब,’ नाना म्हणाले. त्यांनी तिचं मनगट धरलं होतं; अंगठा त्यांच्या तळहातात वाजत होता. चेहरा पांढरा पडलेला. ‘अगं हळू. मला दडे बसतायत कानाला. अजून किती आहे खाली?’

‘चार हजार आठशे.’

‘बाप रे,’ उंबऱ्यावरून वहिनी म्हणाली.

‘मग इथे जरा थांबू,’ नाना म्हणाले. ‘एवढ्या निळ्यात.’

ती थांबली. तिघंही थांबली. नानांनी हात सोडला नाही. आणि थोड्या वेळाने नानाच म्हणाले, ‘हं. आता ने.’